इपॉक्सी-लेपित सळई

इपॉक्सी-लेपित सळई म्हणजे काँक्रीटमध्ये टाकण्यापूर्वी जिच्या संपूर्ण पृष्ठभागावर इपॉक्सी राळेचा पातळ व सलग थर चढवलेला असतो अशी पोलादी सळई होय. क्लोराइड क्षार, ओलावा आणि ऑक्सिजन यांना पोलादापर्यंत पोहोचू न देणे हा या लेपाचा हेतू असतो. पुलांच्या सलोह काँक्रीटमधील पोलाद गंजू नये म्हणून जे उपाय योजले जातात त्यांपैकी हा सर्वाधिक प्रचारात आलेला आणि सर्वाधिक वादग्रस्त ठरलेला उपाय आहे. १९७३ मध्ये अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात या सळया प्रथम पुलात वापरल्या गेल्या. त्यानंतर उत्तर अमेरिकेतील हजारो पुलांत त्यांचा वापर झाला. मात्र १९८६ मध्ये फ्लोरिडातील समुद्रावरील नव्या पुलांमध्ये याच सळया गंजलेल्या आढळल्या आणि लेपाच्या टिकाऊपणाविषयी सुरू झालेली चर्चा अद्याप पूर्णपणे मिटलेली नाही.

बांधकामावर या सळया त्यांच्या रंगावरून ओळखल्या जातात. नेहमीच्या प्रकारातील लेप बहुधा हिरवा असतो. सळई आधी वाकवून मग लेप दिलेल्या प्रकाराचा रंग जांभळा किंवा राखाडी असतो.

काँक्रीटमधील पोलाद का गंजते

चांगल्या काँक्रीटमध्ये साधी, लेप नसलेली सळईही गंजत नाही. सिमेंट आणि पाणी यांच्या संयोगातून तयार होणाऱ्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडमुळे, तसेच सिमेंटमधील सोडियम व पोटॅशियमच्या संयुगांमुळे काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतील पाणी तीव्र अल्कधर्मी असते. त्याचा सामू (पीएच) साधारणपणे १२.५ ते १३.५ असतो. अशा परिसरात पोलादावर ऑक्साइडचा अतिशय पातळ, घट्ट पापुद्रा तयार होतो. त्यास निष्क्रिय थर असे म्हणतात. हा थर शाबूत आहे तोवर गंजण्याची क्रिया नगण्य वेगाने चालते. सलोह काँक्रीटची सारी उपयुक्तता या नैसर्गिक संरक्षणावर उभी आहे.

हे संरक्षण दोन मार्गांनी नष्ट होते. हवेतील कार्बन डायऑक्साइड काँक्रीटमध्ये शिरून अल्कधर्मी संयुगांशी अभिक्रिया करतो व सामू ९ च्या खाली आणतो. या क्रियेला कार्बनीभवन म्हणतात. पुलांच्या दृष्टीने अधिक घातक असतो तो दुसरा मार्ग, म्हणजे क्लोराइडचा. समुद्राच्या पाण्यातून, खाऱ्या वाऱ्यातून किंवा थंड देशांत रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी टाकलेल्या मिठातून क्लोराइड आयन काँक्रीटमध्ये झिरपतात. सळईजवळ त्यांचे प्रमाण एका मर्यादेपलीकडे गेले की निष्क्रिय थर ठिकठिकाणी फुटतो. ही मर्यादा सिमेंटच्या वजनाच्या सुमारे ०.४ टक्के अशी अनेकदा दिली जाते. परंतु सिमेंटचा प्रकार, ओलावा आणि पोलादाच्या पृष्ठभागाची स्थिती यांनुसार ती बरीच बदलते.

थर फुटलेली जागा धनाग्र बनते. तेथे लोखंडाचे अणू इलेक्ट्रॉन सोडून विरघळतात. हे इलेक्ट्रॉन सळईतून वाहत जाऊन इतरत्र, म्हणजे ऋणाग्राच्या ठिकाणी, पाणी व ऑक्सिजन यांच्याशी संयोग पावतात. एका अर्थी गंजणारी सळई ही काँक्रीटमध्ये पुरलेली छोटी विद्युत बॅटरीच असते. गंजाचे आकारमान मूळ पोलादाच्या दोन ते सहा पट असल्यामुळे आतून दाब निर्माण होतो, सळईच्या रेषेत तडे जातात आणि अखेर काँक्रीटचे पोपडे निखळून पडतात. तड्यांतून आणखी पाणी व क्षार आत जातात आणि गंजण्याचा वेग वाढतो.

स्वीडनमधील संशोधक क्योस्ती तूत्ती यांनी १९८२ मध्ये या प्रक्रियेचे दोन टप्पे मांडले. क्लोराइड सळईपर्यंत पोहोचून गंज सुरू होईपर्यंतचा तो प्रारंभकाळ आणि गंज सुरू झाल्यापासून काँक्रीट फुटेपर्यंतचा तो प्रसारकाळ. पुलाचे आयुष्य वाढवायचे म्हणजे यांपैकी एक किंवा दोन्ही काळ लांबवायचे. काँक्रीट घट्ट करणे आणि आच्छादन, म्हणजे सळई व बाहेरचा पृष्ठभाग यांमधील काँक्रीटची जाडी, वाढवणे या उपायांनी प्रारंभकाळ लांबतो. बांधकामावर या आच्छादनाला ‘कव्हर’ असेच म्हटले जाते. लेप दिलेल्या सळईकडून दोन्ही काळ लांबण्याची अपेक्षा असते.

उगम

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर महामार्गांचे जाळे वाढले आणि हिवाळ्यातही रस्ते बर्फमुक्त ठेवण्याचे धोरण आले. त्यासाठी मिठाचा वापर अनेक पटींनी वाढला. याचा परिणाम पुलांच्या डेकवर, म्हणजे वाहने ज्यावरून जातात त्या स्लॅबवर, फार लवकर दिसू लागला. दीर्घ आयुष्य गृहीत धरून बांधलेले डेक दहा-पंधरा वर्षांतच फुटू लागले. १९६० च्या दशकाअखेर हा प्रश्न राष्ट्रीय पातळीवर पोहोचला. पुढे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सरकारी अभ्यासात अमेरिकेतील महामार्गांवरील पुलांच्या गंजण्याचा प्रत्यक्ष वार्षिक खर्च सुमारे ८.३ अब्ज डॉलर इतका काढण्यात आला.

अमेरिकेच्या फेडरल हायवे अॅडमिनिस्ट्रेशन या संस्थेने १९७० च्या दशकाच्या आरंभी नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सकडे सळईवर देता येईल असा लेप शोधण्याचे काम सोपवले. जेम्स क्लिफ्टन, ह्यू बीघली आणि रॉबर्ट मॅथी यांनी एकूण ४७ लेपांची चाचणी घेतली. त्यांत द्रवरूप व चूर्णरूप इपॉक्सी, पीव्हीसी, पॉलियुरेथेन इत्यादींचा समावेश होता. लेपातून क्लोराइड झिरपतो का, सळई वाकवल्यावर लेप तडकतो का आणि काँक्रीट त्याला पुरेसे धरते का, हे मुख्य प्रश्न होते. पीव्हीसीसारखे काही लेप वाकण्याच्या चाचणीत उत्तम ठरले, पण काँक्रीटमधून सळई सहज सरकू लागली. सलोह काँक्रीटमध्ये सळई आणि काँक्रीट यांची पकड हाच रचनेचा आधार असल्याने असे लेप बाद झाले. अखेर चूर्णरूप इपॉक्सीपैकी चार लेपांची शिफारस करण्यात आली. तेल व वायूच्या भूमिगत नळांवर असे लेप आधीपासून वापरात होते, त्यामुळे ते तयार करण्याचे तंत्र उद्योगाच्या हाताशी होते.

१९७३ मध्ये फिलाडेल्फियाजवळ वेस्ट कॉनशोहॉकन येथे स्कूलकिल नदीवरील पुलाच्या डेकमध्ये या सळया प्रथम वापरल्या गेल्या. प्रयोगशाळेतील अहवालापासून प्रत्यक्ष वापरापर्यंतचा हा प्रवास विलक्षण वेगवान होता. लेप प्रत्यक्ष पुलात दीर्घकाळ कसा वागतो हे पाहण्यास अवधी मिळण्याआधीच अनेक राज्यांनी तो स्वीकारला, कारण फुटणारे डेक थांबत नव्हते. १९८१ मध्ये अमेरिकेत ए ७७५ हे उत्पादनाचे मानक तयार झाले.

उत्पादन

लेप देण्यापूर्वी सळईवर पोलादी कणांचा मारा करून गंज, कारखान्यातील काळपट पापुद्रा व मळ काढून टाकतात. या क्रियेने पृष्ठभाग स्वच्छ तर होतोच, शिवाय तो सूक्ष्म खडबडीत होऊन लेपाला धरण्यास जागा मिळते. नंतर सळई सुमारे २३०° सेल्सिअसपर्यंत तापवून विद्युतभारित इपॉक्सी चूर्णाच्या फवाऱ्यातून नेतात. चूर्ण तापलेल्या सळईला चिकटते, वितळते, पसरते आणि काही सेकंदांतच रासायनिक क्रियेने घट्ट होते. शेवटी पाण्याने सळई थंड केली जाते.

अमेरिकी मानकानुसार १६ मिलिमीटरपर्यंतच्या सळयांवर लेपाची जाडी १७५ ते ३०० मायक्रोमीटर असावी लागते. त्याहून जाड सळयांसाठी वरची मर्यादा ४०० मायक्रोमीटर आहे. भारतीय मानक आयएस १३६२० : १९९३ मध्ये ही जाडी ०.१ ते ०.३ मिलिमीटर ठेवली आहे. लेप फार पातळ असला तर त्यात छिद्रे राहतात आणि फार जाड असला तर वाकवताना तडकतो व काँक्रीटची पकड कमी होते.

डोळ्यांना न दिसणारी छिद्रे शोधण्यासाठी ओला स्पंज लावलेले ६७.५ व्होल्टचे यंत्र सळईवरून फिरवतात. छिद्र आले की विद्युतमंडल पूर्ण होऊन यंत्र आवाज करते. एका मीटरमागे अशी किती छिद्रे चालतील याची मर्यादा मानकात दिलेली असते. छिद्रांची संख्या शून्य असावी अशी अट कोणत्याही मानकात नाही, ही बाब पुढील चर्चेच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

लेपामुळे सळईच्या पृष्ठभागाची काँक्रीटशी होणारी पकड काहीशी घटते. ही घट भरून काढण्यासाठी सळई काँक्रीटमध्ये अधिक लांबीपर्यंत रुतवावी लागते. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटच्या संहितेनुसार ही लांबी आच्छादन अपुरे असल्यास किंवा सळया जवळजवळ असल्यास १.५ पट, अन्यथा १.२ पट धरतात.

बांधकामस्थळी हाताळणी

कारखान्यातून निघालेली सळई आणि काँक्रीटमध्ये गाडली गेलेली सळई यांत फार मोठा फरक असू शकतो. साध्या सळया ट्रकमधून जमिनीवर टाकल्या, एकमेकींवर ओढल्या, हातोडीने ठोकल्या तरी त्यांचे काही बिघडत नाही आणि सळई बांधणाऱ्या कामगारांचे हात याच सवयीचे असतात. लेप असलेल्या सळईवर यातील प्रत्येक कृती ओरखडा पाडते.

म्हणून सळया उचलताना लोखंडी साखळ्यांऐवजी नायलॉनचे पट्टे वापरणे, लांब गठ्ठ्यांना मध्ये आधार देणे म्हणजे ते लवून एकमेकांवर घासणार नाहीत, जमिनीऐवजी लाकडी ओंडक्यांवर साठवणे, अशी काळजी घ्यावी लागते. बांधणीची तारही प्लॅस्टिक किंवा इपॉक्सीचा थर दिलेली असावी लागते. कव्हर ब्लॉक व सळयांना आधार देणाऱ्या खुर्च्या यांनाही हाच नियम लागू होतो. सळई कापली की टोकाला उघडे पोलाद दिसते. तेथे तसेच प्रत्येक ओरखड्यावर द्रवरूप इपॉक्सी लावून दुरुस्ती करतात. गॅसने सळई कापणे टाळतात, कारण टोकाजवळचा लेप जळतो.

काँक्रीट ओतण्याचा टप्पा अनेकदा दुर्लक्षित राहतो. काँक्रीट घट्ट बसवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या व्हायब्रेटरचे पोलादी टोक सळयांवर आपटते आणि त्या वेळी झालेले नुकसान कोणाला दिसतही नाही, दुरुस्त तर होतच नाही. यासाठी रबर किंवा प्लॅस्टिकचे टोक असलेले व्हायब्रेटर वापरण्याची शिफारस आहे.

आणखी एक शत्रू म्हणजे ऊन. इपॉक्सी राळ सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी हळूहळू खराब होते. रंग फिका पडणे ही तिची पहिली खूण. प्रकल्प रखडला की सळया महिनोन्महिने उघड्यावर पडून राहतात. पुलाच्या खांबातून वर काढून ठेवलेल्या, पुढच्या टप्प्यात जोडायच्या सळयांच्या बाबतीत तर हे नेहमीच घडते. मद्रास येथील भारतीय प्रौद्योगिकी संस्थेत झालेल्या संशोधनात असे आढळले की, उन्हात राहिलेल्या लेपात सूक्ष्म तडे जाऊन त्याची संरक्षक क्षमता घटते. दीर्घकाळ साठवायच्या सळया अपारदर्शक कापडाने झाकाव्यात आणि आत दमटपणा साचू नये म्हणून हवा खेळती ठेवावी, असा संकेत आहे.

फ्लोरिडा कीजमधील पूल

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाशी असलेल्या फ्लोरिडा कीज या बेटांच्या माळेला जोडणारे जुने पूल बदलण्याचे काम १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात हाती घेण्यात आले. लाँग की, सेव्हन माइल, नाइल्स चॅनेल इत्यादी नव्या पुलांच्या समुद्रातील खांबांमध्ये इपॉक्सी-लेपित सळया वापरल्या गेल्या. उष्ण हवामान, खारे पाणी आणि दररोजची भरती-ओहोटी यांत पूल दीर्घकाळ टिकावेत म्हणून हा खर्च करण्यात आला होता. सेव्हन माइल पूल १९८२ मध्ये पूर्ण झाला.

१९८६ मध्ये लाँग की पुलाच्या खांबांवर गंजाचे डाग व तडे दिसले. पूल वापरात येऊन जेमतेम पाच-सहा वर्षे झाली होती. काँक्रीट फोडून पाहिले असता लेप सुटलेला आणि त्याखालचे पोलाद खोल खड्डे पडून खाल्ले गेलेले आढळले. थोड्याच काळात शेजारच्या इतर पुलांतही तेच दिसले. नुकसान मुख्यतः पाण्याच्या पातळीच्या थोडे वर, लाटांचे शिंतोडे जेथे उडतात त्या पट्ट्यात होते. या पट्ट्यात काँक्रीट भरतीला भिजते व ओहोटीला वाळते. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते आणि ऑक्सिजनही मुबलक मिळतो. सतत पाण्याखाली राहणाऱ्या भागात मीठ पुष्कळ असले तरी ऑक्सिजन कमी पोहोचत असल्याने गंजण्याचा वेग मंद असतो.

साउथ फ्लोरिडा विद्यापीठातील अल्बर्टो सागुएस व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पुलांचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्यांच्या निष्कर्षांतील दोन गोष्टी विशेष उल्लेखनीय आहेत. पहिली अशी की, जेथे गंज अद्याप सुरू झालेला नव्हता तेथेही लेप पोलादापासून सुटलेला होता आणि चाकूच्या टोकाने सोलून काढता येत होता. म्हणजे लेपाची पकड जाण्यासाठी क्लोराइडची गरज नव्हती. उष्ण, ओले काँक्रीट पुरेसे होते. सुटलेल्या लेपाखाली साचलेला द्रव आम्लधर्मी होता, त्याचा सामू सुमारे ५ आढळला. काँक्रीटच्या तीव्र अल्कधर्मी परिसरात पुरलेल्या सळईच्या अंगावर, लेपाच्याच आडोशाने, आम्लाचे थेंब तयार झाले होते. लेप नसता तर काँक्रीटच्या अल्कधर्मी पाण्याने निदान काही काळ पोलादाला सांभाळले असते.

दुसरी गोष्ट काँक्रीटविषयी होती. फ्लोरिडातील ज्या पुलांत काँक्रीट घट्ट व कमी पारगम्य होते तेथे लेपाची पकड गेलेली असूनही सळया फारशा गंजलेल्या नव्हत्या, कारण क्लोराइड त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. फ्लोरिडाने पुढे आपल्या पुलांत अशा सळया वापरणे थांबवले आणि राखमिश्रित, घट्ट काँक्रीट व अधिक जाड आच्छादन यांवर भर दिला.

लेप निकामी होण्याची कारणे

लेप ही केवळ भिंत असते. ती स्वतः पोलादाचे रासायनिक रक्षण करत नाही. भिंतीत भोक असेल तर त्या भोकाशी पोलाद उघडे पडते, आणि वर पाहिल्याप्रमाणे अशी भोके व ओरखडे अजिबात नसलेली सळई व्यवहारात मिळत नाही.

ओरखड्याशी गंज सुरू झाला म्हणजे त्याची व्याप्ती दोन गोष्टींवर ठरते. ओल्या स्थितीत लेप पोलादाला किती धरून राहतो ही पहिली. पाण्याचे रेणू इपॉक्सीतूनही हळूहळू झिरपतात आणि पोलाद व लेप यांमधील बंध सैल करतात. बंध सैल झाला की गंज ओरखड्यापुरता न राहता लेपाखाली पसरतो. सळई कोरड्या अवस्थेत असताना घेतलेल्या चाचण्यांत हा दोष दिसत नाही, त्यामुळे सुरुवातीच्या मानकांत त्याची पुरेशी दखल घेतली गेली नव्हती. लेप दिल्यानंतर वाकवलेल्या सळयांत वळणाच्या बाहेरच्या बाजूला लेप ताणला जातो व त्याची पकड तेथे सर्वांत आधी सुटते. फ्लोरिडातील अनुभवानंतर आधी सळई वाकवून मग लेप देण्याची पद्धत पुढे आली व तिच्यासाठी ए ९३४ हे स्वतंत्र मानक तयार झाले.

दुसरी गोष्ट म्हणजे आजूबाजूच्या लेप नसलेल्या पोलादाशी असलेला विद्युतसंपर्क. सुरुवातीच्या काळात खर्च वाचवण्यासाठी डेकमधील सळयांच्या फक्त वरच्या जाळीला लेप देत आणि खालची जाळी साधी ठेवत. दोन्ही जाळ्यांचा कोठे ना कोठे संपर्क आला की खालची सगळी उघडी जाळी मोठे ऋणाग्र बनते आणि वरच्या सळईवरील इवलासा ओरखडा धनाग्र बनतो. मोठ्या ऋणाग्राला लागणारे सारे इलेक्ट्रॉन त्या छोट्या जागेतून येत असल्याने तेथे पोलाद खोलवर खाल्ले जाते. दोन्ही जाळ्यांना लेप दिल्यास ऋणाग्रासाठी उघडी जागाच उरत नाही, म्हणून सदोष लेप असूनही गंजण्याचा वेग पुष्कळ कमी राहतो. अमेरिकेतील दीर्घकालीन चाचण्यांतून हा फरक स्पष्टपणे दिसला आहे. अर्धवट लेप हा लेप नसण्यापेक्षा चांगला, हा सामान्य समज म्हणूनच प्रत्येक ठिकाणी खरा ठरत नाही.

उत्तर अमेरिकेतील मतभेद

फ्लोरिडातील वृत्तानंतर १९९२ मध्ये केनेथ क्लियर यांनी या सळयांच्या परिणामकारकतेविषयी जाहीर शंका घेतली. क्लियर हे क्लोराइडमुळे गंजणाऱ्या पुलांच्या प्रश्नावरील अमेरिकेतील आघाडीच्या संशोधकांपैकी होते, त्यामुळे त्यांच्या मतामुळे उद्योगात खळबळ उडाली. व्हर्जिनियामध्ये रिचर्ड वेयर्स यांच्या गटाला अनेक पुलांच्या डेकमध्ये क्लोराइड पोहोचण्यापूर्वीच लेप सुटू लागल्याचे दिसले. क्लोराइड पोहोचेपर्यंत लेप जागेवर राहणारच नसेल तर त्यासाठी खर्च का करावा, असा त्यांचा प्रश्न होता. व्हर्जिनिया राज्याने २०१० च्या सुमारास इपॉक्सी-लेपित सळया सोडून गंजरोधक मिश्रपोलाद व स्टेनलेस स्टीलच्या सळया स्वीकारल्या.

याउलट फेडरल हायवे अॅडमिनिस्ट्रेशनने १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत ११ राज्ये व कॅनडातील ३ प्रांत यांतील ९२ डेकच्या तपासण्यांचा आढावा घेण्यात आला. बहुतेक ठिकाणी सळया चांगल्या स्थितीत होत्या आणि जेथे गंज होता तेथे तो बहुधा तड्यांपाशी होता, असे त्यात नोंदले गेले. त्या वेळी या डेकचे वय जास्तीत जास्त वीस वर्षे होते, हे लक्षात घेऊन हा निष्कर्ष वाचावा लागतो. तरीही बर्फाळ प्रदेशांतील अनेक राज्यांचा अनुभव एकंदरीत समाधानकारक आहे आणि तेथे या सळया आजही नेहमीच्या वापरात आहेत.

हे दोन्ही अनुभव परस्परविरोधी वाटले तरी त्यांची परिस्थिती वेगळी आहे. उत्तरेकडील डेक वर्षातील बराच काळ थंड व कोरडा असतो आणि मीठ फक्त हिवाळ्यात पडते. फ्लोरिडातील खांब बारा महिने उष्ण आणि ओला असतो. लेपाची पकड ज्या कारणांनी सुटते ती दुसऱ्या ठिकाणी कायमची हजर असतात.

जस्तलेप व अन्य पर्याय

वितळलेल्या जस्तात सळई बुडवून केलेले जस्तलेपन हा इपॉक्सीहून जुना उपाय आहे. जस्त भिंतीचे काम तर करतेच, पण ओरखडा पडला तर स्वतः विरघळून शेजारच्या उघड्या पोलादाला वाचवते. इपॉक्सीकडे हा गुण नाही. ताज्या काँक्रीटमध्ये जस्ताची प्रथम अल्कलीशी अभिक्रिया होऊन थोडा हायड्रोजन वायू सुटतो व नंतर पृष्ठभागावर कॅल्शियम हायड्रॉक्सीझिंकेटचा संरक्षक थर बसतो. अतितीव्र अल्कधर्मी काँक्रीटमध्ये हा थर नीट तयार होत नाही. बर्म्युडा बेटांवर जस्तलेपित सळयांचा वापर जुना असून तेथील १९५३ मधील लाँगबर्ड पूल हे त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. भारतात अशा सळयांसाठी आयएस १२५९४ : १९८८ हे मानक आहे. जस्ताचा थर आणि त्यावर इपॉक्सी अशा दुहेरी लेपासाठी अमेरिकेत ए १०५५ हे मानक आहे.

डेन्मार्कमधील ग्रेट बेल्ट रेल्वे बोगद्यात वेगळी वाट निवडण्यात आली. बोगद्याच्या अस्तराच्या काँक्रीट खंडांसाठी सळयांचे संपूर्ण पिंजरे आधी वेल्डिंग करून तयार केले आणि मग ते तापवून इपॉक्सी चूर्णाच्या तरंगत्या थरात बुडवले. त्यामुळे वाकवण्याने, कापण्याने व बांधण्याने होणारे नुकसान टळले. पुलाच्या जागेवर बांधल्या जाणाऱ्या मोठ्या भागांसाठी मात्र ही पद्धत वापरणे कठीण आहे.

लेपाचा प्रश्नच नको म्हणून स्टेनलेस स्टील वापरण्याची कल्पनाही जुनी आहे. मेक्सिकोतील युकातान किनाऱ्यावरील प्रोग्रेसो येथे १९४१ मध्ये पूर्ण झालेल्या धक्क्यात स्टेनलेस सळया आहेत व तो अनेक दशके टिकून राहिला. त्याशेजारी नंतर साध्या सळयांनी बांधलेला धक्का मात्र समुद्राने खाऊन टाकला. स्टेनलेस सळयांची किंमत साध्या सळयांच्या कितीतरी पट असल्याने त्या सहसा पुलाच्या सर्वांत धोक्याच्या भागापुरत्या वापरतात.

भारतातील वापर

भारतात पुलांच्या गंजण्याकडे लक्ष वेधले गेले ते समुद्रकिनाऱ्यावरील घटनांमुळे. गोव्यात पणजी येथील मांडवी नदीवरील पूल ५ जुलै १९८६ रोजी, बांधल्यापासून सुमारे पंधरा वर्षांतच, कोसळला. मुंबई व नवी मुंबई यांना जोडणारा ठाणे खाडीवरील १९७३ मधील पूलही लवकरच दुरुस्तीस आला. हे दोन्ही पूल पूर्वप्रतिबलित काँक्रीटचे होते आणि तेथील मुख्य प्रश्न ताणलेल्या पोलादी केबल गंजण्याचा होता. इपॉक्सी-लेपित सळयांचा त्यांच्याशी संबंध नव्हता. परंतु कोकण व गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत पोलाद किती लवकर खाल्ले जाते, याची जाणीव अभियंत्यांना या पुलांनी करून दिली. मानक ब्युरोने १९९३ मध्ये इपॉक्सी-लेपित सळयांचे मानक प्रसिद्ध केले आणि किनारपट्टीवरील अनेक कामांत त्या वापरात आल्या.

भारतात रस्त्यावर मीठ टाकण्याची प्रथा नाही. त्यामुळे ज्या डेकसाठी अमेरिकेत हा लेप शोधला गेला तो प्रश्न येथे बहुतांशी उद्भवत नाही. येथे धोका असतो तो खाडीतील खांबांना, म्हणजे उष्ण, ओल्या, भरती-ओहोटीच्या पट्ट्याला. ही परिस्थिती पेनसिल्व्हेनियापेक्षा फ्लोरिडा कीजच्या अधिक जवळची आहे. त्यातच अनेक कामांवर सळया कारखान्यात लेप देऊन आणल्यावर जागेवर कापल्या व वाकवल्या जातात आणि पावसाळ्यासाठी काम थांबले की उघड्यावर पडून राहतात.

तमिळनाडूतील कराईकुडी येथील केंद्रीय विद्युतरासायनिक संशोधन संस्थेने स्वस्त पर्याय म्हणून सिमेंटवर आधारित लेप विकसित केले. गंजनिरोधक रसायन मिसळलेल्या सिमेंटच्या राबडीचा थर सळईवर देण्याची पद्धत त्यांतून आली. पुढे सिमेंट व पॉलिमर यांच्या मिश्रणाचे लेपही वापरले जाऊ लागले. हे लेप बांधकामस्थळीही देता येतात, हा त्यांचा फायदा. आणि तेथे गंजलेल्या सळईवर नीट साफसफाई न करताच ते फासले जातात, हा त्यांचा मोठा धोका. अशा सळया अपेक्षेपेक्षा लवकर गंजतात, असे मद्रास येथील संशोधनात दिसून आले आहे.

भारतीय संहितेचा मुख्य भर आजही काँक्रीटवरच आहे. आयएस ४५६ : २००० नुसार अतितीव्र परिस्थितीत, म्हणजे भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील बांधकामात, आच्छादन किमान ७५ मिलिमीटर आणि पाणी-सिमेंट गुणोत्तर जास्तीत जास्त ०.४० असावे लागते. सलोह काँक्रीटमधील क्लोराइडचे प्रमाण घनमीटरमागे ०.६ किलोग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. लेप असला तरी या अटींतून सूट मिळत नाही.

तपासणी व दुरुस्ती

साध्या सळयांच्या बाबतीत काँक्रीटच्या पृष्ठभागावर संदर्भ विद्युतअग्र ठेवून सळईचे विद्युतविभव मोजतात व त्यावरून गंजाची शक्यता अजमावतात. ताम्र-ताम्रसल्फेट अग्राच्या तुलनेत विभव –३५० मिलिव्होल्टपेक्षा अधिक ऋण असेल तर गंज सुरू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक धरली जाते. लेपित सळयांना हा ठोकताळा थेट लागू पडत नाही. लेप विद्युतरोधक असल्याने मोजमाप केवळ उघड्या जागांचे चित्र दाखवते, शिवाय सळया एकमेकींपासून अलग असल्यामुळे एका सळईला जोडलेली तार शेजारच्या सळईची स्थिती सांगत नाही. परिणामी लेपाखाली चाललेला गंज बाहेरून ओळखणे कठीण जाते. निश्चित निदान करायचे तर ठिकठिकाणी काँक्रीटचे दंडगोल कापून काढून सळई डोळ्यांनी पाहावी लागते आणि चाकूने लेपाची पकड तपासावी लागते.

हीच अडचण दुरुस्तीतही येते. गंजणाऱ्या खांबांना वाचवण्याचा प्रभावी मार्ग म्हणजे ऋणाग्री संरक्षण. त्यात पोलादापेक्षा अधिक क्रियाशील धातू, बहुधा जस्त, पोलादाला जोडतात व पोलादाऐवजी तो झिजू देतात. फ्लोरिडा कीजमधील पुलांवर सैल झालेले काँक्रीट काढून उघड्या सळयांवर व आजूबाजूच्या काँक्रीटवर वितळलेल्या जस्ताचा थर फवारण्यात आला. भरतीच्या पट्ट्यातील खांबांभोवती जस्ताच्या जाळीची आवरणेही बसवण्यात आली. मात्र या पद्धतीत प्रत्येक सळई विद्युतदृष्ट्या जस्ताशी जोडलेली असणे आवश्यक असते. साध्या सळया बांधणीच्या तारांमुळे आपोआप जोडलेल्या असतात. लेपित सळयांच्या पिंजऱ्यात मात्र जोडणी तपासावी लागते आणि ती नसेल तेथे काँक्रीट फोडून, लेप खरवडून, तारेने सळया एकमेकींना जोडाव्या लागतात.